देव समजून घेईल

नागपुरातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी उपासनेच्या आधी शब्बाथशाळा भरते. नववी ते बारावीचा वर्ग माझ्याकडे असतो. सत्तावीस वर्षं झाली. एके काळी या वर्गाला बाकं पुरत नसत, पोरं खिडकीत बसायची. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी वर्गात दोनच मुलं होती, आणि त्यातलं एक कुणाकडे तरी पाहुणं आलेलं. बाकीच्यांचे निरोप सकाळीच मोबाइलवर आले होते. टेस्ट आहे, डाउट सेशन आहे, रिव्हिजन आहे. त्याच दिवशी दुपारी सदरच्या बाजारात एका मुलीचे वडील भेटले. भला माणूस. मंडळीच्या कमिटीत आहे, हंगामाच्या सणाला लिलावात पहिली बोली त्याचीच असते, वीस रुपयांचा भोपळा पाचशेला घेतो. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "काकू, देव समजून घेईल. क्लासवाले नाही ना घेत समजून."

दोघंही हसलो. घरी पोचेपर्यंत माझं हसू उतरलं होतं, कारण त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. घरोघरी हेच चालतं. जो ताटावरून उठून जाईल त्याला गरम पोळी. जी समजून घेते तिच्या वाट्याला शेवटची, करपलेली. देवाला आपण घरातल्या त्या बाईच्या जागी बसवलं आहे. तो नोटीस पाठवत नाही, गैरहजेरीचा मेसेज बापाच्या मोबाइलवर टाकत नाही, भरलेली फी बुडेल असं बजावत नाही. म्हणून तो सगळ्यांत शेवटी.

त्या बापावर दगड उचलण्याची माझी लायकी नाही, हे आधीच सांगून टाकते. माझा मुलगा बारावीत होता तेव्हा दोन वर्षं रविवारी सकाळी मीच त्याला स्कूटरवर धरमपेठेत सोडत होते, मग उपासनेला येत होते, आणि बाकावर बसून त्याच्याच मार्कांसाठी प्रार्थना करत होते. त्यातला विनोद तेव्हा लक्षात आला नाही.

अशी गळती लागली की व्यासपीठावरून एक उपदेश हमखास ऐकायला मिळतो. बाहेरगावचे वक्ते येतात आणि बोटांवर मोजून क्रम सांगतात: पहिला देव, दुसरं कुटुंब, तिसरी नोकरी, चौथी मंडळीची सेवा. आम्ही माना डोलावतो, काही जण बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहूनही घेतात. मला ही यादीच मान्य नाही. क्रम चुकला असं मी म्हणत नाही; यादी करणं हीच चूक आहे, असं माझं म्हणणं आहे.

सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती असं शास्त्र्यानं विचारलं तेव्हा येशूनं नवं काही सांगितलं नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं, प्रत्येक यहुद्याला तोंडपाठ असलेलं वचन त्यानं म्हणून दाखवलं: तू आपला देव परमेश्वर याच्यावर पूर्ण मनानं, पूर्ण जिवानं, पूर्ण शक्तीनं प्रीती कर. मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, त्यात बुद्धीही येते. 'पूर्ण' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. 'आधी' हा शब्द एकदाही येत नाही. आणि अनुवादात त्याच्या पुढच्याच ओळींत ही वचनं कुठे बोलायची ते सांगितलं आहे: घरी बसलेलं असताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. म्हणजे घर, रस्ता, अंथरूण. यादीतले दुसरे-तिसरे नंबर ज्याला आपण म्हणतो, ते सगळं त्याच एका आज्ञेच्या पोटात आहे.

यादीची सोय वेगळीच आहे. देवाला पहिला नंबर देऊन टाकला की दोनपासून पुढचा सगळा कारभार आपल्या मुखत्यारीत येतो. आठवड्याचे तास १६८. उपासनेचे दोन, बुधवारच्या प्रार्थनासभेचा एक, रोजच्या वाचनाचे फार तर दोन धरा. हे झालं देवाचं. उरलेल्या १६३ तासांचा धनी कोण? दशांशाचंही तसंच होऊन बसलं आहे. दहातला एक दिला की नऊ कुठून आले आणि कुठे गेले, हे विचारायचा हक्क देवालासुद्धा उरत नाही. फ्लॅट विकताना अर्धी रक्कम चेकनं आणि अर्धी पिशवीतून घ्यायची, हे नागपुरात कुणाला नवीन सांगायला नको. पिशवीतल्या रकमेचा दशांश पाकिटात घालून दानाच्या थाळीत टाकणारी माणसंही मी पाहिली आहेत. देव पहिल्याच नंबरावर होता, त्यात कसूर नाही.

या शहरात राहून 'पूर्ण मनानं' म्हणजे काय हे आपल्याला कळू नये, याचं मला नवल वाटतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. आंबेडकरांनी इथे आपल्या अनुयायांना धम्मदीक्षा दिली तेव्हा बावीस प्रतिज्ञाही दिल्या. त्यांत कोणते देव मानायचे नाहीत हे आहे, तसंच चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही हेही आहे. श्रद्धेचा निर्णय स्वयंपाकघरापर्यंत आणि पगाराच्या दिवसापर्यंत नेऊन पोचवला. त्या निर्णयाशी मतभेद असू शकतो, मी तर वेगळ्या वाटेवर उभी आहे. पण घरातल्या भिंतीवर एक आणि कागदावर दुसरं, असा सौदा त्यात नव्हता.

आता शुभवर्तमानं उघडून पाहा, येशूनं कुणाकडे काय मागितलं. श्रीमंत तरुणाला सांगितलं, आहे ते सगळं विकून दे. जक्कय या जकातदारानं अर्धी संपत्ती गरिबांना देतो म्हटलं, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करतो म्हटलं, तर त्याला अर्ध्यावरच 'आज या घराला तारण मिळालं' असं सांगितलं. लेवीनं जकातनाकं सोडलं. मार्था आणि मरिया या बहिणींनी घर सोडलं नाही. उलट त्या घरात येशूच जेवायला जात असे. आणि गरसेकरांच्या प्रदेशात जो भूतग्रस्त बरा झाला, तो बिचारा 'मला तुमच्याबरोबर येऊ द्या' म्हणून गयावया करत होता, त्याला मात्र परत पाठवलं: आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा. एकाला सगळं, एकाला अर्धं, एकाला नाकं सोडून चल, एकाला घरी जा. हिशेब करणाऱ्या माणसाला यातून कोणताही दर काढता येणार नाही. दर नाहीच. प्रत्येकाच्या दुखऱ्या जागी नेमकं बोट ठेवलेलं आहे, एवढंच. जिथे बोट लागलं की आपण 'देव समजून घेईल' असं म्हणतो, ती जागा.

आपली दुखरी जागा कोणती? मला नाही वाटत ती रविवारचा क्लास आहे. क्लास वर दिसणारा फोड आहे. मंडळीत मुलीचं लग्न ठरवताना 'पूर्वाश्रमीचे कोण' हा प्रश्न अजून दबक्या आवाजात विचारला जातो, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. बाप्तिस्म्याला तीन पिढ्या झाल्या, आजोबांचं नाव बदललं, आडनाव बदललं, जात काही धुतली गेली नाही. त्या वेळी मुलाची श्रद्धा कितव्या नंबरावर असते? पगार, पॅकेज, गोरा रंग, घराणं आणि मग 'चर्चला जातो ना? मग झालं.'

एक जागा अशी आहे जिथे मी बोट ठेवायला कचरते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा जवळपास हिंदूंपुरताच ठेवला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती माणूस आजही बाहेर आहे. तेव्हा कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी कसरत काही घरांत चालते. त्यांच्याकडे बोट दाखवून 'पाहा, दोन धन्यांची चाकरी' असं म्हणणारे लोक बहुतेक वेळा असे असतात, की ज्यांना ही किंमत मोजावी लागलेलीच नाही. इथे पूर्ण मनाच्या श्रद्धेवर सरकारच कर बसवतं आहे. तो कर हटवा असं भांडणं हे मंडळीचं काम. ज्याच्या पोराची शिष्यवृत्ती जाणार आहे त्याला व्यासपीठावरून हिणवणं हे नव्हे.

आणि आता दुसरी बाजू, जी मला जास्त टोचते. 'सर्व काही प्रभूसाठी' म्हणणाऱ्यांची.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या मनात पुंडलिक कुठे तरी असतोच, कबूल करो न करो. आईबापांची सेवा चालू होती म्हणून त्यानं साक्षात देवाकडे वीट सरकवली आणि थांब म्हणाला; आणि देव थांबला. शुभवर्तमानात मात्र एक जण म्हणतो, आधी जाऊन बापाला पुरून येऊ द्या, तर येशू म्हणतो, मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे. शाळेत असताना हे वाचलं तेव्हा मला पुंडलिकाचा देव बरा वाटला होता. वडिलांना तसं सांगितलंही. ते रागावले नाहीत; मार्काचा सातवा अध्याय काढून पुढे ठेवला. त्यात येशू परूश्यांवर, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपंथीयांवर, कडाडतो. कशावरून? तुम्ही आईबापांना सांगता की तुम्हाला द्यायचं होतं ते मी 'कुर्बान' केलं, देवाला वाहिलं, आणि अशा रीतीनं त्यांच्यासाठी काहीही करायचं टाळता. देवाचं नाव पुढे करून घर चुकवणाऱ्यांवर येशू इतका रागावला आहे, हे आपल्या उपदेशांत फारसं येत नाही. आलं तर निम्म्या संघटनांना आपली वेळापत्रकं बदलावी लागतील.

माझ्या सासूबाई शेवटची सव्वा वर्षं अंथरुणावर होत्या. त्या काळात मी महिला मंडळाची सेक्रेटरी होते. विदर्भातल्या संमेलनाची तयारी चालू होती, गाण्यांचा सराव, राहण्याची सोय, पावतीपुस्तकं. एका संध्याकाळी त्यांची चादर बदलायची राहिली होती आणि मी साडीला पिना लावत होते. त्या गोंदियाकडच्या, बोलणं तिकडलंच. म्हणाल्या, "जा बाई, तुझा देव वाट पाहून राहिला असंल." मी गेले. प्रार्थनेत रडलेसुद्धा, आणि माझं रडणं पाहून दोघी-तिघींना माझ्या भक्तीचं कौतुक वाटलं. त्या दिवशी देव वाट पाहत असलाच, तर त्या ओल्या चादरीपाशी होता. हे मला समजायला त्यांच्या जाण्यानंतर बरेच दिवस लागले.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण आपण पूर्ण समर्पणासाठी देतो, आणि ते योग्यच आहे. काही काळ ते नागपुरात धनिक बुटींच्या आश्रयाला होते. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशानं त्यांना नव्या कराराची प्रत दिली, त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनानं ते जागीच खिळले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून 'देवाचा दरबार' हा येशूभक्तांचा मेळा उभा करायला निघाले. कवी, संन्यस्त, बेहिशेबी माणूस. पण १८९५ नंतर नवऱ्यापासून दुरावून, नातेवाइकांच्या दारात, लोकांच्या नजरा सोसत लक्ष्मीबाईंनी जी वर्षं काढली, ती कुणाच्या समर्पणाच्या खात्यावर लिहायची? त्यांचा बाप्तिस्मा १९०० चा. तोही नवऱ्याच्या मागोमाग फरफटत घेतलेला नव्हे, स्वतःच्या मनाशी झगडून घेतलेला. टिळक चुकले असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. पण समर्पण एकाचं आणि बिल दुसऱ्याच्या नावावर, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि बिल बहुतेक वेळा बाईच्या नावावर येतं. नवरा रात्रभराच्या प्रार्थनेला जातो, तेव्हा सकाळी पाचला नळाला पाणी कोण भरतं? पाहुणचाराच्या कामात गुंतलेल्या मार्थेला येशूनं टोकलं ते खरं. पण आमच्याकडे मार्थेला टोकणारे सगळे तिच्याच हातचं जेवून टोकतात.

म्हणून 'देवासाठी बाकी सगळं सोडा' हेही उत्तर मला पुरत नाही. किती गोष्टी हातात आहेत त्यावरून मन एक आहे की दुभंगलेलं, हे कळत नाही. यासाठी नागपूरकरांना दूर जायला नको. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडून इथे आला. आला मिशनरी म्हणून, आणि केलं काय? शाळा काढली, रस्त्यावर उपदेश केला, गोंडांची भाषा आणि गाणी टिपून घेतली, शिवाय नागपूरच्या आसपासचे दगड फोडून त्यांतले जीवाश्म गोळा केले. इथल्या भूगर्भावर त्यानं सहकारी हंटरबरोबर लिहिलेलं काम आजही भूशास्त्रज्ञ विसरलेले नाहीत. एका खनिजाला त्याचं नावही मिळालं. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहायला गेला असताना परतीच्या वाटेवर पुराच्या पाण्यात बुडून तो मेला. पन्नाशीही गाठली नव्हती. त्याचे आदिवासींवरचे टिपणकागद इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलनं १८६६ मध्ये छापून काढले. त्याच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून आपल्या डोळ्यांसमोर आहे, आणि त्यात शिकलेल्या कितीतरी जणांना हा माणूस कोण होता हे माहीत नसतं, ते असो.

आजच्या एखाद्या मिशन बोर्डासमोर त्याचा अहवाल ठेवला तर पहिला प्रश्न येईल, हा दगडांचा नाद कशाला? मुख्य काम सोडून? मला तसं वाटत नाही. ज्यानं जग घडवलं त्याच्यावर पूर्ण बुद्धीनं प्रीती करायची तर जग हातात घेऊन पाहावं लागतंच. पूर्ण 'बुद्धीनं' हा शब्द आपण वाचतो आणि पुढे सरकतो. हिस्लॉप तिथे थांबला. पंडिता रमाबाईंचं तसंच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुली, विधवा गोळा करून केडगावला घेऊन गेल्या. तिथे शेती, विहिरी, शिवणकाम, छापखाना, आणि त्या सगळ्या धबडग्यात हिब्रू-ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर. छपाईचे खिळे जुळवणारे हात दुष्काळातून आलेल्या मुलींचे. कुणी यादी मागितली असती तर बाईंना एक ते दहा नंबर लावता आले नसते, कारण त्यांच्या लेखी ते एकच काम होतं.

उलट एकच काम करणारं मन दुभंगलेलं असू शकतं, आणि ते काम अगदी मंडळीचंही असू शकतं. देवाचा सगळ्यांत मोठा प्रतिस्पर्धी आज बाहेर बाजारात नाही, तो आपल्या आवारात बसला आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्यांनी आपापली नावं सोडली आणि उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) जन्माला आली. नाव सोडणं सोपं नसतं. प्रत्येकाचा आपला प्रार्थनाविधी, आपली गीतं, आपल्या मिशनऱ्यांच्या कबरी. माझे वडील त्या दिवसाबद्दल बोलताना आवाज खाली करायचे. आज देशभरात मंडळ्यांच्या जमिनींवरून कोर्टांत खटले चालू आहेत, निवडणुकांत गट पडतात, आणि प्रभुभोजनाच्या मेजापाशी एकमेकांशी न बोलणारी माणसं शेजारी गुडघे टेकतात. ही माणसं अधार्मिक नाहीत. आठवड्याचे वीस-वीस तास ती चर्चसाठी देतात. आमोस संदेष्टा म्हणतो ना, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. आम्ही गोंगाटासाठी नवी साउंड सिस्टीम घेतली.

मग रविवारचं काय करायचं? एवढं बोलून मूळ प्रश्न सोडून देणं बरोबर नाही.

पहिलं म्हणजे रविवारच्या क्लासचं दुखणं फक्त ख्रिस्ती लोकांचं नाही. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा २०२४ मध्ये ५ मेला झाली, २०२५ मध्ये ४ मेला, दोन्ही रविवार. स्पर्धापरीक्षाही बहुतेक रविवारीच, कारण त्या दिवशी शाळांच्या इमारती मोकळ्या असतात. परीक्षा रविवारी म्हणून सराव रविवारी, सराव रविवारी म्हणून मूल सातही दिवस जुंपलेलं. आणि हा रविवार आपल्याला इंग्रजांनी फुकट दिलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा १० जून १८९० ला मालकांनी तो कबूल केला. लोखंड्यांचं म्हणणं होतं की रविवार हा खंडोबाचा वार, आणि कामगाराला एक दिवस समाजासाठी हवा. तेव्हा 'आमच्या उपासनेची वेळ आहे' एवढाच मुद्दा घेऊन क्लासवाल्यांकडे गेलो तर ते चहा पाजून परत पाठवतील. सगळ्या पोरांचा रविवार परत द्या असं म्हणत गेलो, बौद्ध विहारांतल्या रविवारच्या वर्गांना आणि भजनी मंडळांना बरोबर घेऊन गेलो, तर निदान आपण कशासाठी आलो आहोत ते त्यांना समजेल.

दुसरं, मुलीनं टेस्ट बुडवावी का? माझं मत: हो, कधी तरी बुडवावी. नियम म्हणून नव्हे. बायबलमधल्या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी दावीद राजाला अरवना नावाचा माणूस आपलं खळं, बैल, लाकडं सगळं फुकट देऊ करतो, आणि दावीद म्हणतो, मला काहीच खर्च पडला नाही असं होमार्पण मी माझ्या देवाला करणार नाही. पन्नास शेकेल मोजून खळं विकत घेतो. आपल्या मुलांनी श्रद्धेपायी काहीच कधी मोजलेलं नसतं. त्यांची श्रद्धा म्हणजे नाताळची स्टार, केक आणि कॅरल. एका टेस्टचे मार्क गेले, रँक चार जागा खाली घसरली, तर श्रद्धेला किंमत असते हे तरी त्यांना कळेल. पण ही किंमत मुलीकडून वसूल करण्याआधी बापानं आपली मोजलेली असली पाहिजे. पिशवीतल्या पैशांवर पोसलेल्या घरात फक्त सोळा वर्षांच्या पोरीनं रविवार पाळायचा, हा न्याय मला मान्य नाही.

एरिक लिडेलची गोष्ट मुलांना मी दर वर्षी सांगते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून या स्कॉटिश धावपटूनं ती शर्यत सोडली, चारशे मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. मुलांना इथपर्यंत आवडतं. सोडलं तरी जिंकला ना! पुढचं सांगितलं की वर्ग शांत होतो. पदक घेऊन तो चीनला मिशनरी म्हणून गेला आणि १९४५ मध्ये जपान्यांच्या नजरकैद छावणीत मेला. त्या छावणीतली एक हकिकत त्याच्या चरित्रांत येते. रविवारी खेळ नाही हा त्याचा नियम तिथेही होता. पण कोंडलेली पोरं रविवारी आपापसांत सामना खेळायला लागली आणि पंच नाही म्हणून मारामारीवर आली. पुढच्या रविवारी लिडेल शिट्टी घेऊन मैदानात उभा राहिला. ज्या नियमापायी ऑलिंपिकची शर्यत सोडली, तो नियम त्यानं भांडणाऱ्या पोरांसाठी मोडला. दोन्ही वेळा माणूस तोच होता, असं मी म्हणते. वर्गातली एक-दोन मुलं दर वर्षी वाद घालतात, 'नाही, दुसऱ्या वेळी तो नरमला.' घालू देत.

फोडणीच्या वासाची, घाईची, एका चपलेचा जोड न सापडण्याची अशी आमची रविवारची सकाळ. मागच्या आठवड्यात ती बाजारात भेटलेल्या बापाची मुलगी अचानक वर्गात आली. पाठीवर क्लासची बॅग, गळ्यात क्लासचं ओळखपत्र. "टीचर, टेस्ट साडेनऊला आहे, मी नऊपर्यंत बसते." बस म्हटलं. धडा गरीब विधवेचा होता: मंदिराच्या भांडारासमोर येशू बसलेला, श्रीमंत पुष्कळ टाकताहेत, आणि ही येऊन दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकते, तिच्याजवळ तेवढंच होतं. मी नेहमीसारखं शिकवत होते, थोडक्याची किंमत, मनाची श्रीमंती वगैरे. मुलीनं हात वर केला.

"टीचर, पण दोन होत्या ना? मग एक ठेवता आली असती की तिला. अर्धं देऊन अर्धं घरी नेलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं."

सत्तावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी बायबलच्या पानावर बोट ठेवून उभी राहिले. बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न दिला, तिनं घड्याळ पाहिलं आणि बॅग उचलली.

"पुढच्या रविवारी सांगा," म्हणाली, आणि जिना उतरून गेली.